गाणी थांबवा, मांडवी दिसू द्या

पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी बोट सुटते. तासाभराची सैर. सूर्य नदीच्या मुखाकडे कलतो, पैलतीरावरचा रेइश मागुशचा किल्ला तांबूस होतो आणि नेमके तेव्हाच डेकवर कर्णे कोकलू लागतात! हौशी मंडळी नाचतात. नाचोत बापडी, पण साऱ्यांची पाठ नदीकडे.

हीच मांडवी वर सत्तरीत म्हादई असते. पणजीकर पितात ते ओपाचे पाणी तिच्याच खांडेपार या उपनदीचे. तिच्या पाणीवाटपावर २०१८ साली लवादाने निवाडा दिला, तरी गोवा-कर्नाटक तंटा मिटलेला नाही. एवढे तरी पाहुण्यांना सांगाल की नाही? सूर्य टेकताना दहा मिनिटे गाणी थांबवा. तिकिटे तेवढीच खपतील.