सेवेचं कूपन फाडून टाका!

हैदराबाद-सिकंदराबादच्या मराठी कुटुंबांना जाहीर पत्रक



आपल्या शहरात अलीकडे एक नवी चाल पडली आहे. तळ्याकाठी, बागेत, सोसायटीच्या आवारात रविवारी सकाळी ‘सहकुटुंब सेवा’ होते. आई, वडील, दोन मुलं अशी नोंदणी आदल्या आठवड्यात मोबाइलवर. गेटवर क्यूआर कोड. चौघांना चार टी-शर्ट, चार टोप्या, हातमोजे. दोन तास कचरा वेचला की मुलांच्या नावानं सर्टिफिकेट आणि घरटी एक कूपन. कुठं वॉटर पार्कच्या तिकिटावर सूट, कुठं मॉलमध्ये जेवण, कुठं ॲपवर पॉइंट. आता हीच भाषा आपल्या मराठी मंडळींच्या बैठकांतही ऐकू येते. “लोक येतच नाहीत हो. काही दिल्याशिवाय आजकाल कोण येणार?” की लगेच कुणीतरी प्रायोजकाचं नाव सुचवतो आणि ठराव पास होतो.

या चालीला आमचा विरोध आहे. बक्षिसाला सरसकट विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. बक्षीस कुणाला, कधी आणि कशासाठी, यावर आमचं भांडण आहे.

अशा एका सकाळी आम्ही स्वतः हजर होतो. तळ्याचं आणि आयोजकांचं नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. जमलेल्यांपैकी बरेच जण मनापासून राबले, हेही मान्य. पण एका गृहस्थांनी कोड स्कॅन केला, मुलाच्या हाती झाडू देऊन फोटो काढला आणि कूपन कुठं मिळतं ते विचारलं. “अकरा वाजता, कार्यक्रम संपल्यावर,” असं कळताच ते गाडीत एसी लावून बसले ते थेट अकरालाच उतरले. मुलगा मागच्या सीटवर गेम खेळत होता. एव्हाना काळ्या पिशव्यांचा ढीग झाला होता. तो उचलायला सफाई कामगार बायका आल्या. त्यांच्या हातांत मोजे नव्हते, कारण आणलेले सगळे मोजे पाहुण्यांना वाटून संपले होते. पिशव्या त्यांनी उचलल्या, शिवाय नाश्त्याच्या थर्माकोलच्या बशा आणि नव्या टोप्यांची प्लास्टिकची वेष्टनंही त्यांनीच वेचली. त्यांना कूपन द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ही कल्पना आपल्याकडं कुणी शोधून काढली असा गैरसमज नको. अमेरिकेत डिस्ने कंपनीनं 2010 सालासाठी जाहीर केलं होतं की एक दिवस स्वयंसेवा करा, डिस्नेच्या बागेचं एका दिवसाचं तिकीट फुकट मिळवा. दहा लाख तिकिटं होती, ती तीन महिन्यांच्या आत संपली. कंपनीची जाहिरात झाली, कुटुंबांची सहल झाली आणि संस्थांना काही कामाचे तासही मिळाले. यात फसवणूक कुणाचीच नाही. पण तिकिटं संपल्यावर पुढच्या शनिवारी त्याच संस्थेच्या दारात किती कुटुंबं परत गेली, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या बैठकांत तो कुणी विचारत नाही.

हैदराबादच्या मराठी माणसानं तर तो विचारलाच पाहिजे, कारण या शहरातली आपली प्रत्येक संस्था उलट्या हिशेबानं उभी राहिली आहे. केशवराव कोरटकर मूळचे वसमत तालुक्यातल्या पूरजळचे. वकिली करत ते या शहरात आले आणि वामनराव नाईकांसारख्या सोबत्यांबरोबर सार्वजनिक कामात पडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली ती याच पिढीच्या खटपटीतून. त्या काळी निजामाच्या उर्दू कारभारात मराठी शाळा चालवणं म्हणजे काय होतं, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. 1924 पासून खासगी शाळेला सरकारी परवानगी लागू लागली. 1929 च्या गश्ती (परिपत्रक) क्रमांक 53 नं साधी सभा भरवायची तरी आधी परवानगी आवश्यक केली. म्हणजे समाजसेवेचं बक्षीस काय, तर कोतवालीची नोटीस आणि दारावर पाळत! तरी शाळा चालली, मराठी ग्रंथसंग्रहालय चाललं. सुलतान बाजारच्या परिसरात तेलुगू बांधवांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम 1901 मध्येच सुरू झालं होतं, तेही लोकांच्याच बळावर. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथंच राहिलो. तेव्हापासून इथल्या मराठी वाचनालयाची काळजी मुंबईनं घ्यावी असं काही कारण उरलं नाही, आणि हैदराबादनं घ्यावी असंही नाही. ती ज्यांची त्यांनीच घेतली. इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय, साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’ हे त्रैमासिक, ही काही सरकारी खात्यांची कामं नव्हेत.

आता कुणी म्हणेल, “तो काळ वेगळा होता. तेव्हा सगळे काचीगुडा, बडी चावडी, कुतबीगुड्यात राहत. हाक मारली की दहा जण यायचे. आज एक कुटुंब मियापूरला, दुसरं गच्चीबावलीला, नवरा अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करतो.” खरं आहे. म्हणूनच आम्ही जुन्यांचे गोडवे गाऊन थांबत नाही. जुन्या सेवेतही एक खोट होती आणि ती आजच्या कूपनात जशीच्या तशी उतरली आहे. ‘सहकुटुंब’ म्हणजे प्रत्यक्षात घरातली बाई. गणेशोत्सवात पहाटेपासून मोदक वळणारी ती, दोनशे माणसांच्या पुऱ्या लाटणारी ती, मुलांच्या नाटुकल्याचे कपडे शिवणारी ती. माइक मात्र तिच्या नवऱ्याच्या हातात. शाल-श्रीफळही त्यालाच. आता व्हाउचर आलं तर तेही कुटुंबप्रमुखाच्या मोबाइलवर येतं! ‘कुटुंबानं एकत्र सेवा केली’ असं अहवालात लिहिण्याआधी कोणी किती तास काय केलं, याची नोंद एकदा मांडून बघावी. अनेक मंडळांची झोप उडेल.

मुलांचं तर याहून वाईट चाललं आहे. त्यांच्यासाठी सर्टिफिकेटची फाइल बनते. तळं साफ केलं, एक सर्टिफिकेट. वृद्धाश्रमात गाणं म्हटलं, दुसरं. फाइल जाड झाली की अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जाला जोडायची आणि मग नानकरामगुड्याच्या वकिलातीसमोर रांग. या मुलांच्या आईवडिलांना आम्ही एक जुना प्रयोग सांगू इच्छितो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या या प्रयोगाचा निबंध 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढं मोकळ्या वेळात बघितलं तर आधी आमिष दाखवलेली मुलं रंगांकडं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. इस्रायलमध्ये शाळकरी मुलांना दारोदार देणग्या गोळा करायला पाठवलं, त्या प्रयोगाचा निकाल 2000 साली छापून आला. ज्यांना जमलेल्या रकमेच्या 1 टक्क्याइतका मोबदला कबूल केला, त्यांनी सर्वांत कमी पैसे आणले. 10 टक्के कबूल केलेल्यांनी त्याहून अधिक, तरी फुकट राबणाऱ्यांपेक्षा कमीच. तेव्हा ‘काही दिल्याशिवाय मुलं येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी, दिल्यावर ती किती दिवस येतात, तेही मोजावं.

पण बक्षिसानं गावं हलतात, हेही आपल्याच महाराष्ट्रात दिसलं. पाणी फाउंडेशनची गावांसाठीची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिलं बक्षीस 50 लाख रुपये. पुढच्या वर्षांत 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस, ऐन उन्हात, घरंच्या घरं कुदळ-फावडी घेऊन डोंगरावर. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, शोषखड्डे. कुठं मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात पहिली कुदळ पडली, कुठं नवरानवरी मांडवातून थेट श्रमदानाला गेली. पहिल्या वर्षी साताऱ्याचं वेळू जिंकलं. 2017 मध्ये आर्वी तालुक्यातलं काकडदरा, कोलाम आदिवासींचं छोटंसं गाव. 2018 मध्ये माण तालुक्यातलं टाकेवाडी, 2019 मध्ये बार्शी तालुक्यातलं सुर्डी. मग हे आमिष नव्हतं का? होतंच. पण ते मिळायचं ते गावाला. कुठल्याही घराच्या नावानं पाकीट निघत नव्हतं, आणि हरलेल्या गावाच्या वाट्यालाही पावसाळ्यात चरांत साठलेलं पाणी उरायचं. पहिला नंबर एकाचाच असतो हे ठाऊक असून हजारो गावं खणत राहिली. 1 मे 2018 च्या महाश्रमदानाला शहरांतून माणसं गेली, त्यांना तर हाताला फोड येण्यापलीकडं काही मिळायचं नव्हतं.

या स्पर्धेचंही कौतुकच करत बसावं असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याकडं एकर-दोन एकर आहे त्याच्या विहिरीला पाणी आलं. चर खणणाऱ्या भूमिहीनाच्या पदरात त्यातलं काय पडलं, हा प्रश्न रास्त आहे. तो तळ्याकाठच्या सफाई कामगार बायकांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. कुणाचेही श्रम ‘दान’ म्हणून घेताना लाभ कोणाच्या अंगणात जातो ते पाहिलंच पाहिजे.

आपण हैदराबादकर तर देवाशीही व्यवहार करतो. चिलकूरच्या बालाजीला व्हिसाचा नवस बोलताना 11 प्रदक्षिणा, पावला की 108. पण या व्यवहाराचं गणित नीट बघा: थोडं आधी, आणि जवळजवळ दहापट हाती लागल्यानंतर, जेव्हा मागायचं काही उरलेलं नसतं. शिवाय त्या देवळात हुंडीसुद्धा नाही. बालाजीला जे कळतं ते आमच्या उत्सव समित्यांना का कळू नये?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रायोजक कूपनांसाठी जे पैसे देतो ते कामाच्या खात्यात जमा व्हावेत. त्यातून ग्रंथसंग्रहालयाला कपाटं घ्या, जीर्ण पुस्तकांची बांधणी करा, मुलांना स्वतःच्या पसंतीची मराठी पुस्तकं निवडून आणू द्या, आणि जमाखर्च सभेत वाचून दाखवा. बक्षिसाची घोषणा आधी करू नका. काम संपल्यावर कुणाला काही द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या, पण ज्यानं मागितलं त्याला देऊ नका. जे सफाई कामगार तुमच्या पिशव्या उचलतात त्यांना त्या दिवसाची जादा मजुरी आणि मोजे आधी, टी-शर्ट नंतर. येण्याजाण्याचं भाडं, चहा आणि पोटभर नाश्ता हे बक्षीस धरू नका; ते यजमानाचं कर्तव्य आहे आणि निजामपेटहून दोन लेकरं घेऊन येणाऱ्या घराला ते मिळालंच पाहिजे. त्या नाश्त्याच्या पोह्यांची कढई मात्र पुरुषांनी सांभाळायची. बायकांनी त्या सकाळी पुस्तकांच्या याद्या कराव्यात, सभा चालवावी, नाहीतर नुसतं वाचत बसावं.

आणि मुलांना सर्टिफिकेट हवंच असेल तर वर्षभर नियमानं आलेल्या मुलाला संस्थेनं हातानं लिहिलेलं एक पत्र द्यावं, ज्यात त्यानं नेमकं काय केलं ते असेल. छापील नमुन्यावर नाव भरलेला कागद कुठल्याही कॉलेजातला माणूस ओळखतो.

मियापूरहून मेट्रोच्या रेड लाइननं गाडी न बदलता उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावर उतरता येतं. तिथून इसामिया बाजार जवळच आहे. लांब पडतं ही सबब आता चालायची नाही. तुमच्या भागात मराठी वाचनालय, मराठी शाळा किंवा मंडळ असेल तर येत्या रविवारी सगळे मिळून तिथं जा आणि कार्यकर्त्यांना एवढंच विचारा: आमच्यासारख्या घरानं काय करावं? पुस्तकं झटकायला सांगितली तर झटका. एखाद्या म्हाताऱ्या सभासदाला घरी पुस्तक पोचवायला सांगितलं तर पोचवा, आणि महिन्याभरानं परत आणायलाही जा. निघताना कुणी कूपन पुढं केलं तर तिथंच परत करा.

वाचून झाल्यावर हे पत्रक टाकून देऊ नका. शेजारच्या मराठी घरात द्या.

आपले,
काचीगुड्यापासून कोंडापूरपर्यंतचे काही मराठी रहिवासी