'अनअसेलेबल'

माझ्या भाच्याच्या सोसायटीची शेजारच्या वाडीशी पाच सामन्यांची मालिका चालू आहे. पहिले दोन सामने जिंकल्याबरोबर पठ्ठ्यानं जिन्याखालच्या फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'आमची आघाडी अनअसेलेबल!' शब्द पेपरातल्या क्रीडापानावरून उचललेला. अर्थ विचारला तर म्हणतो, "सोप्पंय मामा. सेल म्हणजे विक्री. विकली न जाणारी आघाडी!"

छे! विकली न जाणारी वस्तू 'अनसेलेबल'. आपल्या शब्दात मधे एक 'अ' आहे, तो गिळायचा नाही. मूळ क्रियापद 'असेल' (आपलं 'असेल-नसेल'मधलं नव्हे!), म्हणजे हल्ला करणं. ते आलं लॅटिनमधल्या 'उडी मारणे' या अर्थाच्या धातूवरून. शत्रूच्या अंगावर उडी घेतली की झाला हल्ला! 'असॉल्ट' हा त्याचाच भाऊ. तेव्हा ज्यावर हल्ला करून काही उपयोगच नाही, ते 'अनअसेलेबल'.

वकिलाचा मुद्दा कुणाला खोडताच आला नाही, तर तो 'अनअसेलेबल'. मराठीत त्याला झकास शब्द आहे, बिनतोड! जंजिऱ्याचं मात्र वेगळं. शिवाजी महाराजांनी, संभाजी महाराजांनी त्यावर हल्ले केले, पण तो हाती आला नाही. अशा किल्ल्याला 'इम्प्रेग्नेबल' जास्त शोभतं. त्याचा मूळ अर्थच 'घेता न येणारा'.

आता आघाडी. १९९३ साली इंग्लंडचा संघ भारतात तीन कसोट्या खेळला. कलकत्ता आणि मद्रास जिंकून आपण २-० केलं. उरली एक. ती हरलो असतो तरी मालिका आपलीच! ही आघाडी खरी अनअसेलेबल. (मुंबईचीही आपणच जिंकली म्हणा.)

पण पाचांत २-०? १९३६-३७ मध्ये ऑस्ट्रेलियात इंग्लंडनं पहिल्या दोन्ही कसोट्या जिंकल्या. कप्तान ब्रॅडमन त्यांत दोनदा भोपळ्यावर बाद! पुढच्या तीन कसोट्यांत त्यानं काढले २७०, २१२ आणि १६९. ऑस्ट्रेलियानं मालिका ३-२ अशी घेतली. म्हणून पाचांतला तिसरा विजय खिशात पडेपर्यंत हा शब्द खडूला लागू द्यायचा नाही.

हे सांगितलं तर भाचा म्हणाला, "तो ब्रॅडमन होता. वाडीत कोण आहे?"

रविवारी तिसरा सामना वाडीनं सात गडी राखून जिंकला. आता तो विचारतोय, फळ्यावरचा सगळा शब्द पुसू, की नुसतं पुढचं 'अन' पुसलं तरी चालेल?