दिवा पेटलेला, नोंद मात्र बंद

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीचा टेम्पो जूनमधल्या एका पावसाळी संध्याकाळी पुण्याला माल उतरवून रिकामा परतत होता. कराडच्या अलीकडे सेवारस्त्यावरून उलट दिशेने आलेली एक मोटारसायकल एकाएकी महामार्गावर शिरली आणि टेम्पोच्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. स्वार वाचला, पाय मात्र दोन ठिकाणी मोडला. चालकाने स्वतः रुग्णवाहिका बोलावली, पोलीस येईपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा त्याच्याच नावावर नोंदला गेला. मोठे वाहन व लहान वाहन यांची टक्कर झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे ज्यांच्या दारात मालवाहू गाड्या उभ्या असतात त्या घरांना निराळे सांगावे लागत नाही.

पेढीचे मालक तरीही निश्चिंत होते. वर्षभरापूर्वी त्यांनी टेम्पोच्या काचेवर डॅशकॅम बसवून घेतला होता. कॅमेऱ्यावरचा निळा दिवा अपघाताच्या वेळीही पेटलेला होता. पुतण्याने कार्ड काढून लॅपटॉपला लावले, तेव्हा त्यातील शेवटचे चित्रण ११ मार्चचे निघाले. पुढचे तीन महिने कॅमेरा केवळ उजळत होता. लिहीत काहीच नव्हता.

चौकशीअंती जे उघड झाले ते अधिक बोचरे होते. मार्चमध्येच चालकाने पेढीवर येऊन सांगितले होते, "मालक, त्यो कॅमेरा सारखा वाजतोय." कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आवाज शून्यावर नेला. आवाज थांबला आणि तक्रारही मिटली. तो आवाज म्हणजे कार्डावर नोंद होत नसल्याची सूचना होती, हे त्या वेळी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

अशा कॅमेऱ्याचा दिवा बहुधा वीज मिळत असल्याची ग्वाही देतो, नोंद होत असल्याची देईलच असे नाही. काही कॅमेऱ्यांत नोंद चालू असताना दिवा लुकलुकतो किंवा पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो. परंतु पडदा एका मिनिटात मावळण्याची सोय असल्याने तो ठिपका पाहतो कोण? खात्री करून घेण्याचा मार्ग एकच आहे. कालचे चित्रण उघडून पाहावे, आणि त्यातील दिनांक व वेळ बरोबर आहे ना हेही त्याच वेळी ताडावे.

पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने कार्डावरील सर्व फायली पुसल्या, कार्ड काढून पुन्हा लावले, तर पुसलेल्या फायली जशाच्या तशा हजर. फॉरमॅट केले, तेही यशस्वी झाल्याचा संदेश आला आणि पुन्हा लावताच मार्च महिना परतला. हे लक्षण ओळखीचे आहे. मेमरी कार्डातील पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता व पुसता येते. ती मर्यादा संपत आली की अनेक कार्डे लिहिणे थांबवतात आणि केवळ वाचण्यापुरती उरतात. अशा कार्डावर उपचार नाही. ते बदलावेच लागते.

एका वर्षात कार्ड झिजते कसे, हा प्रश्न मालकांनाही पडला. उत्तर साध्या गणितात आहे. फुल एचडी चित्रण करणारा कॅमेरा सेकंदाला १६ मेगाबिट नोंदवतो असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ७.२ गिगाबाइट. टेम्पो दिवसाला दहा तास धावला तर ७२ गिगाबाइट. कॅमेऱ्यात बसवलेले कार्ड कोणाच्या तरी जुन्या मोबाइलमधून काढलेले, ३२ गिगाबाइटचे होते. म्हणजे ते दिवसातून दोनदा भरून वर पुन्हा लिहिले जात होते. वर्षातील तीनशे दिवस धरले तरी पावणेसातशे वेळा. मोबाइलमध्ये तेच कार्ड लग्नाची छायाचित्रे सांभाळत दहा वर्षे टिकले असते. साध्या कार्डाची सोसण्याची शक्ती त्याच्या घडणीनुसार काही शे ते काही हजार वेळांची असते, आणि त्यात काचेमागचे ऊन भर घालते.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. ३२ गिगाबाइटमध्ये जेमतेम साडेचार तासांचे चित्रण मावते. कॅमेरा एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे नोंदवतो आणि कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहितो. सकाळी किरकोळ वाद झाला आणि चालकाने त्याची वाच्यता रात्री केली, तर पुरावा तोवर पुसला गेलेला असतो. १२८ गिगाबाइटचे कार्ड घेतल्यास साडेसतरा तासांहून अधिक चित्रण राहते आणि झीजही चौपटीने मंदावते. मात्र घेण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत कमाल क्षमता पाहावी. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे एका पद्धतीने आखलेली येतात, ६४ आणि त्यापुढची दुसऱ्या. जुन्या कॅमेऱ्यांपैकी कित्येकांना ही दुसरी आखणी वाचताच येत नाही.

दुकानात गेल्यावर ग्राहक पहिला प्रश्न वेगाचा विचारतो. कार्डावर ठळक छापलेला '१०० एमबी' हा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. कॅमेऱ्याला हवा असतो तो सलग लिहिण्याचा. तो बारीक खुणांत सापडतो. वर्तुळातला १० किंवा इंग्रजी यू अक्षरातला १ म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट. यू अक्षरातला ३ किंवा व्ही ३० म्हणजे किमान ३०. एका फुल एचडी कॅमेऱ्याला पहिली श्रेणीही गणिताने पुरते. पुढे-मागे दोन कॅमेरे असतील किंवा चित्रण फोरके असेल तर दुसरी घ्यावी. ए १, ए २ या खुणा मोबाइलमधील ॲपसाठी आहेत, त्यांचा येथे उपयोग नाही. ठेव ठेवताना व्याजाचा दर विचारणारे अनेक आणि मुदतीपूर्वी मोडण्याच्या अटी वाचणारे थोडे, तसेच हेही आहे. वेगाने फारसे कोणाचे अडत नाही. अडते ते टिकाऊपणाने.

सततच्या चित्रणासाठी मुद्दाम बनवलेली कार्डे मिळतात. सॅनडिस्कची 'हाय एन्ड्युरन्स' व 'मॅक्स एन्ड्युरन्स', सॅमसंगचे 'प्रो एन्ड्युरन्स' ही त्यांतली सहज मिळणारी. त्यांच्या वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात तासांची हमी दिलेली असते आणि क्षमता वाढली की तासही वाढतात. उलट अनेक साध्या कार्डांच्या वॉरंटीतून डॅशकॅम आणि सीसीटीव्हीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. विम्याच्या पॉलिसीतील अपवादांचे कलम जे घर चष्मा लावून वाचते, त्या घरात कार्डाचे वेष्टन न वाचता केरात जाते.

पुतण्याने घाईने दुसरे कार्ड ऑनलाइन मागवले. २५६ गिगाबाइट, तेही बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शात. सुदैवाने त्याने ते आधी तपासले. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री हे विनामूल्य प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात. त्याला काही तास लागतात, पण खरी क्षमता कळते. त्या कार्डात प्रत्यक्षात ३२ गिगाबाइटही नव्हते. बनावट कार्ड संगणकाला मोठी क्षमता सांगते आणि भरल्यावर मागचेच गुपचूप पुसत राहते किंवा लिहिलेले हरवते. कार्ड ओळखीच्या दुकानातून जीएसटीच्या पक्क्या बिलावर घ्यावे, हा सल्ला व्यापाऱ्याला द्यावा लागणे जरा विचित्रच आहे.

कार्ड उत्तम असूनही नोंद थांबते, त्यामागे काही ठरलेली कारणे असतात. धक्का ओळखणारा सेन्सर अतिसंवेदनशील ठेवला की प्रत्येक खड्ड्याला तुकडा कुलूपबंद होतो. कुलूपबंद तुकडे आपोआप पुसले जात नाहीत आणि काही आठवड्यांत कार्ड भरल्याचा संदेश येतो. टेम्पोसाठी तो सेन्सर सर्वांत खालच्या पातळीवरच असावा. लायटरच्या सॉकेटमधील सैल जोडणी हे दुसरे कारण. वीज अचानक तुटली की चालू तुकडा नीट बंद होत नाही आणि नेमका शेवटचाच उघडत नाही. अपघातात तोच हवा असतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा निवडावा, कारण उष्णतेने बॅटरी फुगते. महिन्यातून एकदा, हवे ते चित्रण उतरवून घेतल्यावर, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. बड्या ट्रकांना २४ व्होल्टची वीज असते, हे कॅमेऱ्याचा ॲडॅप्टर घेताना विसरू नये.

आणि नोंद मिळालीच, तर ती सांभाळावी कशी? गाडी थांबताच कॅमेऱ्याची वीज काढावी, कार्ड बाहेर काढून पाकिटात घालावे, पाकिटावर दिनांक, वेळ व गाडीचा क्रमांक लिहून सही करावी आणि कॅमेऱ्यात नवे कार्ड घालावे. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दबलेली असते. मूळ कार्डाची सर तिला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रत दाखल करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही नमूद करायचे असते. जुन्या कायद्यातील ६५ ब कलमाबाबत हाच मुद्दा महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जालना मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावरून ठरवायचे होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ साधनच मालकाने साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रतीसाठी ते अनिवार्य आहे. मूळ कार्ड जपण्याचे मोल त्यामुळे वाढते.

सांगलीच्या त्या पेढीकडे जपण्यासारखे काही उरलेच नव्हते. सेवारस्त्यावरील पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही पाहावा, ही कल्पना सुचेपर्यंत तेथील नोंदही पुसली गेली होती. मालकांनी चालकासाठी वकील दिला, आणि आवाज बंद करण्याचा प्रसंग त्या वकिलाला आपणहून सांगितला. टेम्पोत आता १२८ गिगाबाइटचे टिकाऊ कार्ड आहे. दर सोमवारी डिझेलचा हिशेब देताना चालक पेढीच्या संगणकावर आदल्या फेरीचा एखादा तुकडा चालवून दाखवतो, आणि डिझेलच्या आकड्याशेजारी तशी नोंद होते. कॅमेऱ्याचा आवाज पूर्ण ठेवलेला आहे. खटल्याची पुढील तारीख दिवाळीनंतरची आहे.