विश्लेषण : निंबोळी अर्क ‘नैसर्गिक’, मग बेडकांच्या अंड्यांची चिंता कशाला?

पाच टक्के निंबोळी अर्क घरच्या घरी तयार होतो. ५ किलो निंबोळ्यांचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवायचा, गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालायचा आणि १०० लिटर द्रावण करायचे. खर्च कमी, शिवाय ‘झाडाचेच आहे’ हा दिलासा. पण खरिपातल्या फवारण्या आणि बेडकांच्या विणीचा हंगाम दोन्ही पावसाळ्यातच येतात. त्या वेळी बांधालगतच्या डबक्यांत आणि भातखाचरांत जेलीसारख्या पुंजक्यांत अंडी तरंगत असतात.

चाचणीसाठी बेडकाचेच अंडे का?

या अंड्याला कवच नसते. पाण्यात विरघळलेले पदार्थ जेलीतून भ्रूणापर्यंत पोहोचू शकतात आणि भ्रूणाची वाढ बाहेरून दिसते. म्हणूनच झेनोपस या आफ्रिकी बेडकावर ‘फेटॅक्स’ ही ९६ तासांची चाचणी बेतलेली आहे. वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत भ्रूण ठेवतात आणि किती मेले, किती वाकडे झाले, लांबी किती भरली हे मोजतात. निम्मे भ्रूण मारणाऱ्या तीव्रतेला निम्म्यांत व्यंग आणणाऱ्या तीव्रतेने भागतात. उत्तर १.५ च्या वर गेले की धोक्याची खूण. कारण अशा वेळी भ्रूण मरत नाही, पाठीचा कणा किंवा शेपूट वाकडी घेऊन जगतो. डबक्यात मेलेले काहीच दिसत नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते.

कडुनिंब तर फक्त किडींनाच मारतो ना?

हा युक्तिवाद अर्धाच खरा. अझाडिरॅक्टिन कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात अडथळा आणते. बेडकाचे रूपांतर थायरॉइडच्या संप्रेरकावर चालते, त्यामुळे तोच परिणाम तिथे गृहीत धरता येत नाही. पण अर्क म्हणजे एकटे अझाडिरॅक्टिन नव्हे. त्यात तेल आणि इतर कडू द्रव्ये असतात, वर साबण. आणि साबणासारखी द्रव्ये कल्ल्यांना अपायकारक ठरतात. मिश्रणाचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. बटाट्यातील सोलॅनिन आणि चॅकोनिन झेनोपसच्या भ्रूणांवर एकत्र तपासली, तेव्हा काही प्रमाणांत परिणाम बेरजेपेक्षा जास्त निघाला.

मोहाचे उदाहरण तर आपल्याकडचेच. मोहाच्या फळातील बियांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी मुद्दाम टाकतात. तिच्यातील सॅपोनिन कल्ल्यांवर आणि रक्तपेशींवर आघात करते. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांनाही कल्लेच असतात.

नियम काय सांगतात?

अमेरिकेची पर्यावरण संस्था पाण्यातील उभयचरांवरील धोका बहुधा माशांवरील चाचण्यांवरून ठरवते. ही सोय झाली, पुरावा नव्हे. मासा जेलीच्या पुंजक्यात उथळ, तापलेल्या डबक्यात वाढत नाही. जगातील सुमारे ४१ टक्के उभयचर प्रजाती धोक्यात असताना ही पळवाट महाग पडू शकते.

मग निंबोळी सोडायची?

तशी गरज नाही. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होते आणि पानांवर पडलेली मात्रा डबक्यात तितक्याच तीव्रतेने उतरत नाही. प्रयोगशाळेतील मात्रा आणि शेतातील मात्रा यांत अंतर असते. खरी जोखीम पंप ओढ्यात धुण्यात, उरलेले द्रावण खाचरात ओतण्यात आणि जोराचा पाऊस तोंडावर असताना फवारण्यात आहे. पंप धुतलेले पाणी पाणवठ्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर टाकायला वेगळा खर्च येत नाही.