फोटो बोलतो, पण कोणाचं?

(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी)

आपल्या हॉस्टेलमध्ये वेळेवर सबमिशन करणारा विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही, पण फोटोग्राफर? दर खोलीत दोन! कोणाकडे तीन लेन्सवाला मोबाईल, कोणाकडे हप्त्यांवर घेतलेला डीएसएलआर, कोणाकडे काकांचा जुना कॅमेरा. आणि प्रत्येकाला काढायचा असतो 'आर्टिस्टिक' फोटो. साधा फोटो काय, कोणीही काढतं!

आता हा आर्टिस्टिक फोटो कसा बनवतात याची रेसिपी एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. एक सुरकुतलेले आजोबा किंवा एक विस्कटलेल्या केसांचं लहान मूल घ्यावं. त्यातला रंग काढून टाकावा. कडा काळ्या कराव्यात, मागचं सगळं धूसर करावं आणि खाली एका शब्दाचं इंग्रजी नाव द्यावं. 'होप'. 'सायलेन्स'. 'इनोसन्स'. झाली कला तयार!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'एक्स्प्रेसिव्ह'ला मराठीत काय म्हणतात हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ते कळलं आमच्या मेसमधल्या मावशींमुळे. कॅलेंडरवरच्या एका बाईचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "किती बोलका फोटू हाय बघ!" बोलका! मला हा शब्द फार आवडला. पण तेव्हापासून एक प्रश्नही पाठीमागे लागला. फोटो बोलतो हे खरं, पण कोणाचं बोलतो? समोरच्या माणसाचं, की कॅमेरा धरणाऱ्याचं?

गेल्या गॅदरिंगच्या फोटो स्पर्धेत ज्याला पहिलं बक्षीस मिळालं तो फोटो तुम्हाला आठवत असेल. ऊसतोड कामगारांची एक सात-आठ वर्षांची मुलगी, भुऱ्या रंगात, कपाळाला आठ्या, डोळे अर्धे मिटलेले. जणू साऱ्या जगाचं दुःख त्या चेहऱ्यावर आलंय. बघणारे गप्प झाले. परीक्षकही भारावले.

फोटो काढणारा माझ्याच प्रॅक्टिकल बॅचचा. त्याने मला मोबाईलवर त्या दिवशीचे सगळे फोटो दाखवले. एकूण पंधरा. त्यातल्या चौदांमध्ये ती मुलगी हसतेय! अंगात गुलाबी फ्रॉक, नुकताच पडलेला पुढचा दात बोटाने दाखवतेय, एका फोटोत तर कॅमेऱ्यालाच वेडावतेय. पंधराव्यात तिच्या डोळ्यांवर ऊन आलं म्हणून तिने डोळे बारीक केले. नेमका तोच फोटो निवडला गेला, गुलाबी रंग पुसला गेला, आणि उन्हाने आलेल्या आठ्यांना आपण दुःख म्हणून टाळ्या दिल्या.

तुम्ही म्हणाल, "अगं, पण त्यांचं आयुष्य खडतर असतंच ना? मग फोटो खोटा कसा?"

आयुष्य खडतर आहे हे शंभर टक्के मान्य. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या सुमारास आपल्याच प्रवरानगरला सुरू झाला. आणि त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव भागातून, शेजारच्या बीडमधून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊस तोडायला बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. पहाटेच्या अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. पोरांची शाळा पाच-सहा महिने बुडते.

पण मला सांगा, यातलं काय दिसलं त्या फोटोत? उचल दिसली? शाळा दिसली? फक्त आठ्या दिसल्या! कोपीच्या मेढीला टांगलेलं, महिनोन्‌महिने न उघडलेलं दप्तर कोणी टिपलं असतं, उसाच्या पाचटाने कापलेले हात टिपले असते, किंवा ती मुलगी त्याच कोपीसमोर हसतेय हेही टिपलं असतं, तर फोटो जास्त बोलला असता. कारण मग बघणाऱ्याला प्रश्न पडला असता. आता फक्त कीव आली. आणि कीव ही फार स्वस्त गोष्ट आहे, ती मेसच्या रांगेत उभं राहीपर्यंत विसरलेली असते.

रंग काढणं हा गुन्हा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले ते कृष्णधवलच आहेत. मॅनहोलमध्ये उतरणारी, कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली माणसं. पण ओलवे एका दुपारी जाऊन पंधरा क्लिक करून परत आले नाहीत. ते त्या वस्त्यांत, त्या घरांत पुन्हापुन्हा गेले. त्यामुळे त्या फोटोंत काम दिसतं, घाण दिसते आणि माणूसही दिसतो. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे रंग काढल्यामुळे काही लपलं नाही. आपल्या बक्षीसपात्र फोटोत मात्र गुलाबी फ्रॉक लपला. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे.

मग फोटो बोलका करायचा कसा? इंजिनिअर आहोत, तर थोडं तांत्रिक बोलू या.

पहिली गोष्ट प्रकाश. निघोजचे कुंड सगळ्यांनी पाहिलेत. कुकडी नदीच्या पाण्यात गोटे गरगर फिरून बेसॉल्ट खडकात जे रांजण कोरले गेले, ते भर दुपारी बाराला टिपले तर सपाट दगड येतो. सकाळी तिरपं ऊन आलं की प्रत्येक रांजणाला कड आणि सावली मिळते, खडक जिवंत होतो. चेहऱ्याचंही तेच. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात. त्याच माणसाला दाराच्या आत सावलीत, बाहेर तोंड करून बसवा. आता प्रकाशाचा उगम म्हणजे लहानसा सूर्य नाही, अख्खं दार आहे. उगम जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. सलाबतखानाच्या कबरीवर, म्हणजे आपण ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतो तिथे, सगळे खालून इमारतीचा एकच ठरलेला फोटो काढतात. कधी आत उभं राहून बघा. इमारत अष्टकोनी, त्यामुळे कमानींतून येणारा प्रकाश दर बाजूला वेगळा. मित्राला एकेका कमानीजवळ उभं करा, तोच चेहरा दर वेळी निराळा दिसेल. कुठल्याही फिल्टरशिवाय!

दुसरी गोष्ट अंतर. पुष्कळांना वाटतं चेहरा लेन्समुळे बिघडतो. खरं तर तो अंतरामुळे बिघडतो. एका फुटावरून मोबाईल धरला की नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ असतं, म्हणून ते भज्यासारखं फुगतं. पाच-सहा फूट मागे जा आणि मग थोडं झूम करा. पण याचा अर्थ रस्त्यापलीकडून मोठ्या लेन्सने, समोरच्याला पत्ता लागू न देता चेहरा 'उचलायचा' असा नाही. तसा फोटो शार्प येतो, पण त्यात नजर नसते. माझा साधा हिशोब आहे : आवाज न चढवता समोरच्याशी बोलता येईल तेवढं अंतर. योगायोग बघा, तेही पाच-सहा फूटच भरतं!

तिसरी गोष्ट वगळणं. आमच्या कम्युनिकेशनच्या लेक्चरला सिग्नल आणि नॉइज शिकवतात. फोटोतही तेच. मागची विजेची तार, अर्धवट आलेली बाईक, कोणाची तरी कोपर, हा सगळा नॉइज. क्लिक करण्याआधी चारही कोपऱ्यांत एकदा नजर फिरवली तरी अर्धा जातो. पण सिग्नल कुठला ते आधी ठरवावं लागतं. चहावाल्या काकांच्या फोटोतून किटली कापली तर उरतं काय? गुलाबी फ्रॉक हा नॉइज नव्हता, तोच सिग्नल होता.

चौथी गोष्ट थांबणं. कॅमेरा दिसला की कोणीही ताठ होतं, आपले प्रिन्सिपॉल सरसुद्धा! दोन-चार मिनिटं कॅमेरा खाली ठेवा, गप्पा मारा. माणूस परत स्वतःच्या चेहऱ्यात येतो. हे कुठल्याच ॲपला जमत नाही.

आणि ॲपवरून आठवलं. दर वर्षी मेअखेर-जूनच्या सुरुवातीला अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा-बेहडा-सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, अख्खं जंगल पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं. बहुतेक फोटो कसे बनतात? एकेक एक्स्पोजर पंधरा-वीस-तीस सेकंदांचं, असे कितीतरी फोटो एकावर एक रचून. म्हणजे तासाभरात जितके काजवे चमकले ते सगळे एका क्षणात! मला तो फोटो आवडतो, त्यात रात्रभर बसण्याची मेहनत आहे. पण खाली 'ही इतक्या फोटोंची बेरीज आहे' असं लिहिलेलं क्वचित दिसतं. मग तो फोटो बघून गाड्याच्या गाड्या भरून लोक जातात, तेवढे ठिपके दिसत नाहीत म्हणून टॉर्च मारतात, फ्लॅश उडवतात. काजवे तर चमकतात जोडीदाराला खूण करायला. त्या उजेडात त्यांची खूणच हरवते. एक न लिहिलेली ओळ कुठवर पोचते पाहा!

म्हणून माझं म्हणणं आहे की कला आणि खरेपणा यांचं भांडण नाहीच. भांडण आहे ते न सांगता बदलण्याशी.

गौतम राजाध्यक्ष यांचं 'फेसेस' हे पुस्तक 1997 साली आलं. दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंत किती सुंदर चेहरे! आणि प्रत्येक चेहऱ्याला नाव. आपल्या प्रदर्शनात मात्र फोटोग्राफरचं नाव, ब्रँच, रोल नंबर सगळं असतं. नसतं ते फक्त फोटोतल्या माणसाचं नाव. नट-नट्यांना नाव आणि ऊसतोडणीवाल्यांना 'इनोसन्स', हा कुठला न्याय?

काही जण म्हणतील, नाव लिहिलं की फोटोतली गूढता जाते. जाऊ दे की! माणूस म्हणजे काही सस्पेन्स पिक्चर नाही.

तेव्हा पुढच्या गॅदरिंगसाठी कल्चरल कमिटीला आणि सरांना माझ्या तीन सूचना. एक, माणसाचा फोटो लावायचा तर त्याची परवानगी हवी. मूल असेल तर आईवडिलांची. ते 'नाही' म्हणाले तर फोटो लागणार नाही, आणि 'हो' म्हणाले तर त्यांनी सांगितलेलं नाव खाली लागेल. दोन, फोटोत काय बदललं ते एका ओळीत लिहायचं : रंग काढला, अनेक फोटो जोडले, एआयने मागचं आकाश बदललं, जे असेल ते. तीन, प्रदर्शन उघडण्याआधी एक प्रिंट त्या माणसाच्या हातात गेलेला असावा. फोर बाय सिक्सचा प्रिंट काढायला काही सेमिस्टरची फी लागत नाही, वडापावच्या आसपास खर्च येतो.

तिसऱ्या सूचनेची घाई आहे, कारण आपलं गॅदरिंग असतं फेब्रुवारीत आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की कोप्या मोडतात, माणसं गावाकडे निघून जातात. मग प्रिंट द्यायला कोणाला शोधणार? या वेळी तसंच झालं. हॉस्टेलसमोरचं शेत आता रिकामं आहे.

या सूचनांमुळे स्पर्धेला फोटो कमी येतील का? येऊ देत. पण समोरच्या माणसाला स्वतःचा प्रिंट दाखवायचा आहे हे ज्याला आधीपासून माहीत असतं, तो क्लिक करताना वेगळाच विचार करतो. तो आपोआप ऊन बघतो, दोन पावलं मागे येतो, थोडा थांबतो. आणि तो प्रिंट हातात घेऊन कोणी म्हणालं, "हां, ह्यो मीच हाय!" तर समजा, फोटो बोलका झाला. पहिलं बक्षीस मग कोणालाही मिळो!