बाटलीवरची मिती

गोदावरीच्या घाटाचे दगड दुपारी अनवाणी पाय टेकू देत नाहीत, अशा नांदेडच्या वैशाखातल्या उन्हात, पुण्यास नोकरी करणारा माझा भाचा एका बिअर शॉपीच्या जाळीसमोर उभा राहून, दुकानदाराने पुढे सरकवलेली बाटली कधी उजेडाकडे धरीत, कधी उलटी करीत, तिच्या मानेवर, बुडाशी आणि कागदी पट्टीच्या कडेला काहीतरी शोधीत होता. आणि त्याच्यामागे उभे असलेले तिघेचौघे, ज्यांचा सारा व्यवहार 'दोन स्ट्राँग, चिल्ड' या तीन शब्दांत आटोपणारा होता, ते बँकेच्या खिडकीशी एखादा वृद्ध पेन्शनर पासबुक वाचीत थांबला म्हणजे मागच्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो धारण करून निमूट उभे होते.

"काय बघू लालाव, दादा? सील हाय की."

"तारीख बघतोय."

"तारीख?" दुकानदाराने रांगेकडे पाहून साक्ष काढल्यासारखे केले. "दारूला कशाची तारीख? जुनी तेवढी भारी!"

रांग हसली, आणि रिक्षात सावलीला बसलेला मीही हसलो. वर्षाकाठी दोन पेल्यांपलीकडे माझी मजल जात नाही, तेव्हा या विषयातला मी अधिकारी पुरुष नव्हे. परंतु त्या दिवसापासून हा प्रश्न मनात घोळत राहिला, की ज्याला या पेयाचा खराखुरा शौक आहे असा माणूस दहा बाटल्यांतून एक उचलतो ती कशाच्या आधारावर, आणि ती उचलण्यात त्याचे स्वातंत्र्य कितपत असते.

दुकानदाराचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते, ते फक्त चुकीच्या जागी लावलेले होते. लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरणाऱ्या व्हिस्कीचा कायदा त्याने बिअरला लावला, आणि बिअर ही, काही थोडे कडक प्रकार सोडले, तर लोणच्याच्या जातीची नसून दह्याच्या जातीची आहे. मोड आणून भाजलेले सातू, हॉप्स नावाच्या वेलीची फुले, किण्व आणि पाणी एवढ्यावर तिचा संसार. त्यातील हॉप्सचा गंध अत्यंत उडता. काही महिन्यांत तो ओसरतो आणि उष्णतेत त्याहून लवकर. शिवाय काचेतून ऊन आत गेले, की हॉप्समधील कडू द्रव्यांचा विपर्यास होऊन एक अशी दुर्गंधी उत्पन्न होते, की इंग्रजी लेखक तिच्यासाठी स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात; तो प्राणी आपल्या मुलखात नसल्यामुळे भाच्याने मला जळक्या रबरावर भागविले. तपकिरी काच या उन्हाला पुष्कळसे अडवते, हिरवी तितके अडवीत नाही, आणि पत्र्याचा डबा पुरतेच अडवतो. म्हणून डबा मिळत असेल तर भाचा बाटलीकडे पाहतही नाही. मात्र कारखान्यातून निघाल्यापासून नांदेडच्या फ्रीजमध्ये विसावेपर्यंत, त्रेचाळीस अंशांच्या पत्र्याखाली, गुदामात आणि टेम्पोत, त्या मालाने किती ऊन सोसले याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. असते ती केवळ निर्मितीची तारीख. आणि म्हणून शौकीन, जुना सावकार हुंडी हाती येताच रकमेच्या आधी तिची मिती पाहत असे तसा, आधी मिती पाहतो.

तारखेच्या पुढची पायरी प्रकाराची. गव्हाची, काळी भाजकी, आंबटसर, फिकी, असे बिअरचे अनेक कुलभेद आहेत आणि नवशिक्याने गव्हाच्या बिअरपासून आरंभ करावा असा त्या मंडळींत संकेत आहे. 'इंडिया पेल एल' या नावाचा एक प्रकार इंग्रजांनी, हिंदुस्थानातील आपल्या साहेबलोकांपर्यंत कित्येक महिन्यांचा सागरी प्रवास टिकून पोहोचावा म्हणून, हॉप्सची मात्रा वाढवून रूढ केला. आज तो नव्या शौकिनांचा मानबिंदू होऊन बसला आहे, आणि त्याच्या नावात आपला देश असला तरी त्याच्या घडणीत आपण ग्राहक म्हणूनही फारसे नव्हतो. कडवटपणा मोजण्याचे एक एकक आहे, ते पट्टीवर छापलेले असले की भाचा हरखतो. मी त्याला म्हटले, "अरे, पाडव्याला कडुलिंबाचा पाला तोंडात घातला की रडून घर डोक्यावर घेणारा तूच ना?" तो म्हणाला, "मामा, त्या पाल्याला फेस नव्हता."

तीव्रतेच्या बाबतीत मात्र त्याची तक्रार मला रास्त वाटली. आपल्याकडील कितीतरी बाटल्यांवर मद्यार्क किती हे छापलेले नसून तो '८ टक्क्यांपेक्षा अधिक नाही' एवढेच छापलेले असते; म्हणजे सरकारने मर्यादा सांगितली, माल सांगितला नाही. साध्या गिऱ्हाइकाला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याचा हिशेब निराळा आणि माझ्या मते पुष्कळ प्रामाणिक असतो: रुपयामागे किती चढते. दिवसभर सोयाबीनची पोती वाहून आलेल्या माणसाने फुलांच्या गंधाची चिकित्सा करावी अशी अपेक्षा करणे हे आपले शहाणपणाचे अजीर्ण होय.

आणि मग दुसऱ्यांचे मत. २०१० पासून 'अनटॅप्ड' नावाची एक वही मोबाइलमध्ये आली आहे, जीत पिणारा प्रत्येक पेल्याला पाचांपैकी गुण देतो, आणि भाचा दुकानात उभ्या उभ्या ती चाळतो. लातूरच्या शिकवण्यांत वाढलेल्या मुलाला दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत गुण पाहण्याची सवय असावी यात नवल नाही. नवल हे, की गुणवत्ता यादीचा जो दोष लातूर पॅटर्नच्या टीकाकारांनी दाखविला तोच येथेही आहे. या वहीत वर चढतात त्या बहुधा दाट, काळ्या, जहाल आणि दुर्मिळ बिअर. शांतपणे घोटघोट पिण्याची फिकी, सौम्य बिअर कितीही निर्दोष असली तरी यादीच्या मध्यात कुठेतरी बसते. बेल्जममध्ये वेस्टफ्लेटेरेन येथे ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ आहे. मठाचा चरितार्थ चालेल इतकीच बिअर ते करतात, आणि घेणाऱ्याला आधी नोंद करून, आपल्या गाडीचा क्रमांक देऊन, ठरल्या वेळी दाराशी हजर राहावे लागे. २००५ साली अशाच एका गुणवहीने त्यांची बिअर जगात पहिली ठरविली तेव्हा गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि संन्याशांनी उत्पादन काही वाढविले नाही. त्या बाटलीतील किती गोडी सातूची आणि किती रांगेची, याचा निवाडा कोणी करावा?

आपल्याकडे या शौकाची पेठ पुणे. २००९ साली तेथे 'डूलाली' नावाची, जागच्या जागी बिअर करून विकणारी संस्था निघाली आणि या चळवळीची गणना तेथून होते. हे नाव भाच्याला इंग्रजी वाटत होते. मुदत संपलेले गोरे शिपाई नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत आणि त्या रिकामपणात त्यांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत भ्रमिष्टाला 'डूलाली' म्हणू लागले. देवळालीचे नाव असे विलायतेला जाऊन, वेडे होऊन, पेल्यावर बसून पुण्यास परत आले. नांदेड-लातुरात असा ताज्या बिअरचा नळ माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा आमच्या शौकिनाची निवड म्हणजे फ्रीजच्या काचेमागे जे दिसेल त्यातून. आणि तेही हाती धरण्यापूर्वी, कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहिले तर, पिण्याचा परवाना खिशात हवा. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, आणि तो प्रकृतीच्या संरक्षणार्थ दिला जातो, ही या राज्याची सर्वांत सोज्ज्वळ विनोदबुद्धी होय.

परंतु तारीख पाहण्याची ही रीत मला नवी वाटेना, आणि का वाटेना याचा उलगडा पुष्कळ दिवसांनी झाला. माझे आजोबा निजामशाहीत देगलूर-बिलोलीकडे आबकारीत कारकून होते. स्वतः थेंबाला न शिवणारे. परंतु शिंदीविषयी बोलू लागले म्हणजे एखाद्या वैयाकरणाने धातुपाठ सांगावा तसे सांगत. तेलंगणाच्या शिवेवरचा तो मुलूख शिंदीच्या झाडांचा. थंडीच्या दिवसांत झाडाच्या मानेला छेद देऊन मडके बांधावे, रात्रभर रस ठिबकावा, पहाटे उतरवावा. तो सूर्योदयाला गोड, माध्यान्हीला फसफसता, आणि संध्याकाळी आंबून डोके धरविणारा. पिणारे गुत्त्यावर जाऊन चार प्रश्न विचारीत: कोणत्या झाडाची, कोणाच्या हातची, मडके धुतलेले का, आणि सर्वांत आधी, आजचीच का? विहिरीकाठच्या झाडाची पातळ आणि माळावरच्या झाडाची दाट, असे आजोबा सांगत. खरे-खोटे ते जाणोत, पण एका गावी दोन झाडांच्या अनुयायांत वैर असल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते.

अर्थात या सगळ्या चोखंदळपणाच्या आधी हर्रास होत असे. गुत्तेदार बोली बोलून मक्ता घेई, झाडामागे कर भरी, आणि कोणत्या झाडाला छेद पडेल हे पिणाराच्या जिभेने नव्हे, तर हाली सिक्क्याने ठरे. संस्थानच्या उत्पन्नात आबकारीचा वाटा मोठा होता. म्हणूनच स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ पासून स्टेट काँग्रेसचा लढा पेटला तेव्हा करोडगिरीच्या नाक्यांप्रमाणे शिंदीची झाडेही सत्याग्रहींच्या कुऱ्हाडीखाली आली. तोडलेल्या झाडांचा पंचनामा करावयास आजोबांना पाठविले गेले. ते थुटे मोजीत असता एका म्हाताऱ्याने आपण होऊन येऊन, आपल्या आवडीच्या झाडाचे थूट कोणते ते दाखविले. कुऱ्हाडही त्याचीच होती. पहाटेचे मडके उतरवून, ते पिऊन, मगच त्याने घाव घातला होता. आजोबांनी ते पंचनाम्यात लिहिले नाही.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग त्याने विचारले, "मामा, पाण्याचं काय?" शौकिनांच्या विद्येत पाण्याला मोठे स्थान आहे, बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक तेच असते. पण लातूरकराच्या तोंडी हा प्रश्न निराळा होतो. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला, कारण आमच्या या तहानलेल्या प्रांतातच बिअरचे मोठाले कारखाने आहेत. भाचा तेव्हा कॉलेजात होता आणि घागर घेऊन टँकरपाशी उभा राहत असे. बाटलीवर कारखान्याचे ठाणे छापलेले असते ते तो अजूनही वाचतो. वाचून उचलतो की ठेवतो, हे मी विचारले नाही.

गेल्या दिवाळीत त्याने मला ताज्या बिअरचा नमुना दाखवावयाचे मनावर घेतले. २०२० च्या जुलैत, टाळेबंदीत, सरकारने जागच्या जागी बिअर करणाऱ्या ठिकाणची बिअर मोठ्या बाटलीत भरून घरी नेण्यास मुभा दिली होती. तशी एक बाटली पुण्यात संध्याकाळी भरून, बर्फाच्या डब्यात घालून, तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने लातूरला निघाला. एकदोन दिवसांत ती संपविली पाहिजे असा नियम त्याने मला फोनवर दोनदा ऐकविला. टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी बंद पडली. दुसरी गाडी सकाळी आली, बर्फाचे पाणी झाले, आणि गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांतून वाट काढीत रिक्षाने तो घरी पोहोचला तेव्हा दुपारचे जेवण झाले होते. झाकण उघडले, तर जो आवाज यावयाचा तो आला नाही. त्याने पेला नाकाशी नेला, थोडे चाखले, फोन काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"किती गुण?" मी विचारले.

"हिला नाही देत, मामा. ही ट्रॅव्हल्सची चूक आहे."

पेला मात्र त्याने पुरता रिकामा केला.