कर नाही त्याला डर कशाला?

ही म्हण आपल्याला फार सोयीची वाटते. वर्तमानपत्रात ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ असे वाक्य आले की प्राध्यापक-कक्षातली चर्चा तेथेच संपते. केलेच नसेल तर माणूस कबूल कशाला करील, हा प्रश्न उत्तराच्या थाटात विचारला जातो. नांदेड-लातूरकडच्या साहित्याच्या वर्गांत निवेदक कोण आणि लेखक कोण, हा भेद आपण वर्षानुवर्षे शिकवतो. संहितेवर शंका घेणे हा तर आपला पेशाच. मग पोलीस कोठडीत सिद्ध झालेली संहिता आपण इतक्या भाबडेपणाने का वाचतो?

कबुलीजबाब हे प्रथमपुरुषी निवेदन असते. परंतु त्यातला ‘मी’ त्याचा लेखक असतोच असे नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांचा खटला पाहावा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी त्या सर्वांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळ करून मिळवल्याचा आरोपींचा दावा न्यायालयाने मान्य केला, आणि निरनिराळ्या माणसांच्या जबाबांतला मजकूर ठिकठिकाणी सारखाच असल्यावर बोट ठेवले. या निकालाचा अन्य खटल्यांत दाखला म्हणून उपयोग करण्यास सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांतच स्थगिती दिली, हेही सांगितले पाहिजे. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. आता पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी सांगावे: वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी तीच वाक्ये त्याच क्रमाने आली, तर आपण काय म्हणतो? मूळ प्रत एकच आहे, असेच ना? मग हा निष्कर्ष काढायला एकोणीस वर्षे का लागावीत?

माणूस खोटे कबूल का करतो, याचे उत्तर गूढ नाही. मार सहन होत नाही, हे पहिले कारण. घरातल्या माणसांनाही उचलून आणू, ही धमकी दुसरे. झोप नाही, वेळेचे भान नाही, समोरचा म्हणतो सही कर म्हणजे सुटशील. अशा वेळी पुढची वीस वर्षे दूर असतात आणि पुढचा तास जवळ असतो. आणखी एक कारण आपल्या म्हणीला थेट उलटवणारे आहे. खोट्या कबुलीजबाबांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन यांनी दाखवले आहे की निर्दोष माणूस आपल्या निर्दोषपणावर विसंबतो. आज सही केली तरी न्यायालयात खरे काय ते बाहेर येईलच, असे त्याला वाटते. ज्याला ‘कर’ नाही त्याला ‘डर’ वाटत नाही, आणि म्हणूनच तो फसतो.

इंग्रजांच्या कायद्यालाही ही शंका होती. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. १९९९ च्या मोक्काने मात्र अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य केली, आणि सव्वाशे वर्षांची शंका एका कलमाने पुसली. पण इंग्रजांचेही फार कौतुक नको. पुरावा कायद्याच्या आदल्याच वर्षी, १८७१ मध्ये, त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. म्हणजे कबुलीची गरजच उरली नाही. जन्म हीच कबुली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, परंतु त्या शिक्क्याला मुलखाची सीमा अडवू शकली नाही. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला.

लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ते ‘वेदनेचा दस्तऐवज’ म्हणून वाचले, त्यातल्या बोलीवर प्रबंध लिहिले. परंतु चोरी कोठेही झाली तरी पोलीस ठरावीक वस्तीकडेच वळतात, ही त्यातली साक्ष आपण पुरावा म्हणून वाचली काय? ज्यांच्याकडून कबुली वदवून घेतली जाते त्या माणसांतला एक जण येथे स्वत: लिहितो आहे. आपण हळहळलो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो.

कोणी म्हणेल, आत्मकथनही प्रथमपुरुषीच. त्यावर विश्वास आणि कबुलीवर अविश्वास, हा दुजाभाव नव्हे काय? नव्हे. सांगणाऱ्याला नकार देता येतो का, थांबता येते का, लिहिलेले खोडता येते का, हा निकष आहे. कोठडीत यातले काहीच नसते.

हा निकष आपल्या आवडीच्या कबुलीलाही लावावा लागेल. मालेगावच्या ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांसाठी नऊ मुसलमानांना पकडले. त्यांतला एक स्फोटाच्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत, म्हणजे शेकडो किलोमीटरवर होता. डिसेंबर २०१० मध्ये असीमानंदांनी दंडाधिकाऱ्यांपुढे निराळीच कबुली दिली, तेव्हा आपल्यातल्या पुरोगाम्यांनी ती डोक्यावर घेतली. पुढे तीही मागे घेतली गेली. ती दबावाखाली दिली, असे सांगण्यात आले. मालेगावच्या हयात असलेल्या आठ जणांना २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले. त्यांचे निर्दोषत्व दुसऱ्याच्या कबुलीवर टांगून ठेवणे हाही त्यांच्यावर अन्यायच होता. त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता, एवढे पुरेसे होते.

तेव्हा साहित्याच्या शिक्षकांनी निदान आपले काम करावे. ‘कबुली दिली’ या वाक्यातला कर्ता कोण, हे विद्यार्थ्यांना विचारावे. व्याकरणात तो आरोपी असतो. प्रत्यक्षात कोण होता, हे शोधल्याशिवाय ते वाक्य पुढे वाचू नये.